नळीतला गारवा

परत येताना डॉ. रुद्राणीनं मनाची पुरती तयारी केली होती. चंदीगडला एमडी, पुढं इंग्लंडातल्या एका रुग्णालयात रक्ताच्या कॅन्सरचा वॉर्ड, आणि तिथून थेट बीड. मधे पुणे नाही की मुंबई नाही. तिकडच्या सहकाऱ्यांनी निरोप देताना जी जी भीती घातली होती, ती सगळी तिनं गृहीत धरली होती. पाणी नसेल, हातमोजे नसतील, सिस्टर खुर्चीत पेंगत असतील, खाटेखाली डबे आणि खाटेवर माश्या असतील. या सगळ्याशी कसं भांडायचं याची भाषणंसुद्धा तिनं विमानात मनातल्या मनात म्हणून पाहिली होती.

बीडहून पालीकडं जाणाऱ्या रस्त्याला एका ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे, तिथं ती रुजू झाली. आणि तिला यातलं काहीच सापडलं नाही. फरशी लख्ख पुसलेली. बेसिनला पाणी, पाण्याजवळ साबण, साबणाजवळ हात पुसायचे कोरडे कागद. सत्यशीला सिस्टर पेशंटला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि लावून झाल्यावर पुन्हा धुवायच्या. रक्तातले जंतू वाढवून ओळखायचं मशीन ट्रस्टनं तिच्या एका पत्रावर आणून दिलं होतं. नातेवाईक सांगितलं तेवढं करत, विचारलं तेवढंच बोलत. भांडायला माणूसच मिळेना.

आणि एवढ्या स्वच्छतेत, दिवेलागणीची वेळ झाली की, एका मुलीला हुडहुडी भरून ताप येत होता.

रुद्राणीला पहिला संशय आला तो या स्वच्छतेचाच.

ती मुलगी म्हणजे शिवांजली. माजलगावच्या मोंढ्यात भुसार मालाचं दुकान असलेल्या महांतेशअप्पांची धाकटी लेक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणीच आई गेल्यामुळं शांतादेवी आत्यानं तिला वाढवलं होतं. रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा पुण्याला नेलं, औषधं सुरू झाली, केस गेले. दोन्ही हातांच्या शिरा सुया टोचून टोचून दोरीसारख्या कडक झाल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी छातीत नळी बसवली. कॉलरच्या हाडाखालून कातडीच्या आतून गेलेली पांढरी बारीक नळी. तिचं आतलं टोक थेट काळजाच्या तोंडाशी, बाहेरचं टोक छातीवर लोंबतं, त्याला दाबून बंद करायचा प्लास्टिकचा चिमटा आणि शेवटी फिरकीचं झाकण. औषध त्यातूनच जायचं, रक्तही त्यातूनच काढायचं.

शिवांजली तिला शेपूट म्हणायची. “डॉक्टर, देवानं शेपूट मागं दिलती, ती आपण हरवली,” ती म्हणाली होती. “पुण्याच्या लोकांनी परत दिली, पण घाईत पुढं लावली बघा.”

रुद्राणी बीडला आली होती ती अशाच मुलींसाठी. कॅन्सरची औषधं दिली की काही दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास संपून जातात. त्या दिवसांत ताप आला तर तो नुसता ताप राहत नाही. माजलगावहून गाडी करून पुण्याला पोचेपर्यंत माणूस हातचा जातो. तो ताप इथंच ओळखायचा, इथंच मोडायचा, असा तिचा हट्ट होता. ट्रस्टच्या लोकांसमोर ती यावर इतकी तळमळून बोलली होती की एका म्हाताऱ्या विश्वस्तांनी मधेच चष्मा काढून डोळे पुसले होते. शिवांजली ही तिची अशी पहिलीच पेशंट. ती वाचली तर हा हट्ट खरा ठरणार होता. नाही वाचली तर… पण तो विचार रुद्राणी पुढं जाऊच देत नसे.

तर एका दुपारी ती नेहमीच्याच कामाला वॉर्डात गेली. नळीजवळची पट्टी बदलायची, नळी धुवायची, दोन ठिकाणचं रक्त घ्यायचं. वॉर्डात बाकीच्या खाटा रिकाम्या होत्या. पांढऱ्या पेशी कमी असताना शेजारी कुणी खोकणारं नको, म्हणून तिनंच त्या रिकाम्या ठेवायला लावल्या होत्या. शिवांजली दुपारभर ठणठणीत असायची. मोबाईलवर काहीतरी बघत हसायची, आत्याला चिडवायची. छाती साफ होती, लघवी साफ होती, मलेरिया, टायफॉइड काही नव्हतं. रुद्राणीचं मन नळीवर बसलं होतं.

नळीवरचा संशय पारखायची रीत सोपी आहे. एकाच वेळी नळीतलं रक्त घ्यायचं आणि हाताच्या शिरेतलंही घ्यायचं. दोन्ही सारखंच, दोन बाटल्यांत. बाटल्या एकदमच मशीनमधे ठेवायच्या. ज्या बाटलीत जंतू जास्त, ती आधी वाजते, म्हणजे मशीन तिच्या नावानं घंटी देतं. नळीची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाजली, तर जंतूंचं घर नळीत आहे असं समजायचं.

लॅबमधल्या बंकटनं बाटल्या हातात घेऊन उजेडाला धरल्या. “मॅडम, शर्यत लावली म्हणा की दोघींची,” तो म्हणाला. “पैज कुणावर?”

दुसऱ्या दिवशी नळीची बाटली सकाळीच वाजली. हाताची वाजायला दुपार टळली.

इथवर सगळं रुद्राणीनं पुस्तकात वाचलेलं, हातानं केलेलं होतं. पण बंकटनं जंतू ओळखून सांगितला तेव्हा तिनं तो पुन्हा तपासायला लावला. अशा नळीत सहसा माणसाच्या कातडीवरचे जंतू शिरतात. हा तसला नव्हता. हा ओल्या दगडावर, शेवाळात, साचल्या पाण्यात राहणारा. कातडीवर त्याची वस्ती नसते. तो आपण होऊन नळीत चढत नाही. कुणीतरी पाणी घालावं लागतं.

तिनं सलाईनच्या बाटल्या तपासल्या. साफ. बेसिनचं पाणी, साबण, पुसायचं औषध, सगळं तपासलं. साफ. आता वस्तू संपल्या होत्या आणि माणसं उरली होती. वॉर्डात नळीला हात लावणारी माणसं दोनच, ती स्वतः आणि सत्यशीला सिस्टर. सिस्टरांचं ते सारखं हात धुणं रुद्राणीला आता वेगळं दिसायला लागलं. इतके हात माणूस कशासाठी धुतो?

पण सापडली ती आत्या.

रुद्राणी बीडच्याच लिंगायत घरातली. तिच्या घरी सकाळी इष्टलिंगाच्या पूजेचं तीर्थ तळहातावर घेतल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे. त्यामुळं शिवांजलीच्या उशीखाली विभूतीच्या पुडीशेजारी पाण्याची लहान बाटली दिसली तेव्हा ती ओरडली नाही. आत्याजवळ बसली आणि विचारलं, हे तीर्थ तिला देता का? आत्या म्हणाली, देते की. कपिलधारच्या देवस्थानातल्या धारेचं पाणी आणलेलं, रोज संध्याकाळी त्यानं पूजा करते आणि तेच देते.

“पण आत्या, तिच्या पोटात तर काही ठरत नाही.”

“न्हाईच ठरत,” आत्या म्हणाली. “तोंडातनं दिलं की वकारी. तीर्थ वकारीत जावं का, सांग तू. म्हणून नळीतनं देते. थेट काळजापाशी जातं म्हणं ना ते.”

तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवीची एक रेषासुद्धा नव्हती. रुद्राणी मात्र तिच्या हातांकडं बघत राहिली. कारण आत्यानं पुढं, न विचारताच, कसं देते ते हातानं करून दाखवलं. आधी चिमटा दाबायचा. झाकण कापसानं घासून पुसायचं. मग फिरवायचं. सुई न लावता नुसती पिचकारी टेकवायची. मग चिमटा सोडायचा, थेंब थेंब ढकलायचं, आणि पिचकारी काढायच्या आधी चिमटा पुन्हा दाबायचा.

“न्हाईतर वारं शिरतं नळीत,” आत्या म्हणाली. “वारं काळजात गेलं की माणूस जागीच.”

हे वाक्य रुद्राणीनं या घरातल्या कुणालाच सांगितलं नव्हतं. ते नव्या सिस्टरांना शिकवायलाच महिने जातात.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“तुमच्याच बाईनं.”

“कुठल्या बाईनं?”

आत्या आठवून आठवून सांगत गेली. पहिल्यांदा ताप यायच्या आदल्या संध्याकाळी लाईट गेली होती. आत्या हातात पाणी घेऊन रडत बसलेली. तेव्हा ती बाई खाटेच्या त्या अंगाला येऊन बसली. दवाखान्याचा झगा, डोक्याला फडकं, फडक्याखाली केस नाहीत. आवाज एकदम हळू.

“आन् तिला बी अशीच नळी हाय की,” आत्या म्हणाली. “तिनं आपल्या नळीवर करून दाखवलं मला. म्हणली, मला बी आमच्या लोकांनी दिलतं… लई गार वाटतं.”

रुद्राणीनं सिस्टरांना बाजूला बोलावून विचारलं, की या रुग्णालयात छातीत नळी असलेली दुसरी कुणी बाई आहे का. सिस्टर बेसिनशी होत्या. त्यांनी मान वळवली नाही. “न्हाई मॅडम. ही एकटीच,” त्या म्हणाल्या, आणि नळ सोडून पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला लागल्या.

रुद्राणी स्वतः सगळं रुग्णालय फिरली. बायकांच्या वॉर्डात दोन बाळंतिणी होत्या आणि पाय मोडलेली एक आजी, तिघींचेही केस भरघोस. वॉचमन म्हणाला, अशी बाई आत येऊ द्यायला मी काय आंधळा हाय का. कुणीतरी खोटं बोलत होतं. रुद्राणीनं मनाशी हिशोब मांडला. आत्याला ही रीत सिस्टरांनीच शिकवली असणार, भोळेपणानं किंवा चार आशीर्वादांसाठी, आणि आता अंगावर आलं म्हणून त्या गप्प असणार. बाईची गोष्ट आत्यानं सिस्टरांना वाचवायला रचली असणार. हा हिशोब नीट जुळत होता. फक्त आत्याला खोटं रचता येत नाही, हे कुणालाही दिसत होतं.

महांतेशअप्पा माजलगावहून आले, बहिणीला सगळ्यांसमोर नको ते बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि संध्याकाळच्या आत तिला घरी धाडून देण्यात आलं. तीर्थाची बाटली रुद्राणीनं आपल्या ताब्यात घेतली. पाणी लॅबला दिलं. बाटलीतला आणि नळीतला जंतू एकच निघाला. तिला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांना तिनं फोन केला. ते म्हणाले, हा जंतू नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो, औषधाला दाद देत नाही, नळी काढून टाका. अप्पांच्या कानावर हे गेलं तसे ते खाली बसले. ही नळी बसवायला पुण्यात किती शोधाशोध झाली होती, ते सांगायला लागले. दोन ठिकाणी तर शीरच मिळाली नव्हती. “ही काढली तर पुढचं औषध कुठनं द्यायचं, मॅडम? हात तर बघताय तुमी पोरीचे. तुमच्या भरवशावर हितं ठिवलंय.”

भरवसा हा शब्द रुद्राणीला लागला. नळी काढली की शिवांजलीला पुन्हा पुण्याला जावं लागणार होतं, आणि बीडमधे नळी सांभाळता येत नाही हे सिद्ध होणार होतं. तिनं ठरवलं, नळी वाचवू. पाणी देणारा हात तर आता नाहीच. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचं औषध नळीतूनच द्यायचं तिनं ठरवलं, बाकीच्या वेळी नळीत औषध भरून झाकण बंद. झाकणावर कागदी चिकटपट्टी, आणि पट्टीच्या कडेवरून स्वतःची सही. आता कुणी झाकणाला हात लावला तर सही फाटणार होती.

ती संध्याकाळ कोरडी गेली. ताप आला नाही. शिवांजलीनं अर्धी भाकरी खाल्ली आणि बापाला म्हणाली की आत्याला फोन लावा, तिला एवढं कशाला बोललात. रुद्राणी घरी जाताना गाडीत गुणगुणत होती.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी, औषध देऊन झाल्यावर थोड्याच वेळात, शिवांजलीचे दात वाजायला लागले. खाट हलत होती. रुद्राणीनं दोन्ही ठिकाणचं रक्त पुन्हा काढलं, बाटल्या स्वतः नेऊन मशीनमधे ठेवल्या. या वेळी नळीची बाटली इतक्या लवकर वाजली की बंकट हातातला चहा तसाच ठेवून उठला. हाताची बाटली त्यानंतर कितीतरी वेळ गप्प होती. जंतू तोच. उलट आधीपेक्षा जोमात.

“मॅडम, हे कमी व्हायला पायजेल होतं ना?” बंकट म्हणाला. त्याच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती.

झाकणावरची सही अखंड होती.

आता रुद्राणीला सगळ्यांचाच संशय यायला लागला. सिस्टरांचा तर होताच. सही हुबेहूब करता येते. अप्पांचा आला, मुलीच्या आजारापुढं हात टेकलेला बाप काय करेल सांगता येत नाही. एकदा तर शिवांजलीचाही आला. ती झोपलेली असताना रुद्राणी तिच्या बोटांची नखं निरखून पाहत होती, आणि पाहता पाहता तिची तिलाच लाज वाटली. तिनं ठरवलं, उद्या संध्याकाळी कुणालाही खाटेजवळ येऊ द्यायचं नाही. आपण स्वतः बसायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तशी ती वॉर्डात आली. अप्पांना बाहेर बाकावर बसवलं. सिस्टरांना दारातच थांबायला सांगितलं. सिस्टर काहीतरी बोलणार होत्या, त्यांचे ओठ हलले, पण त्या नुसत्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. रुद्राणीनं सही तपासली, स्वतःच पट्टी काढली, औषध दिलं, नळी धुतली, चिमटा दाबला, झाकण लावलं, नवी पट्टी, नवी सही. मग खाटेच्या कडेला बसून राहिली.

खिडकीबाहेरचा उजेड राखेसारखा होत गेला. पालीच्या धरणाकडून वारं येत होतं. लांब कुठंतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि गप्प झाली. मग लाईट गेली.

जनरेटर सुरू व्हायला नेहमीच वेळ लागतो. अंधार पूर्ण नव्हता, खाटेची कडा दिसत होती, शिवांजलीच्या डोक्याचा गोल दिसत होता. आधी वास आला. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, आणि त्यात भिजलेल्या विभूतीचा. विभूतीची पुडी आत्यानं जाताना सोबत नेली होती. मग पाण्याचा आवाज. बेसिनचा नव्हे. बेसिन दाराशी होतं, आणि हा आवाज खाटेच्या पलीकडून येत होता, उंचावरून पडणाऱ्या बारीक धारेसारखा, अगदी हळू.

“डॉक्टर…” शिवांजली म्हणाली. “जरा सरका ना.”

“का गं?”

“तिला बसायला जागा न्हाई…”

रुद्राणी सरकली नाही. तिनं अंधारातच हात पुढं करून नळी मुठीत धरली. झाकण, पट्टी, चिमटा, सगळं चाचपून मुठीत घेतलं. चिमटा बंद होता. तिच्या बोटांना तो बंद असल्याचं स्पष्ट कळत होतं.

टक्.

चिमटा उघडल्याचा आवाज तिच्या स्वतःच्या मुठीतून आला.

आणि मग नळी गार झाली. एकदम नव्हे. आधी झाकणापाशी, करंगळीखाली. मग पुढच्या बोटाखाली. मग त्याच्या पुढच्या. कुणीतरी सावकाश, हात न थरथरवता, थेंब थेंब ढकलत असावं तसा तो गारवा तिच्या मुठीतून एकेक बोट ओलांडत शिवांजलीच्या छातीकडं निघाला. नळीला काहीही जोडलेलं नव्हतं.

“कोण आहे?” रुद्राणीनं विचारलं.

“काय करू नका तिला…” शिवांजली पुटपुटली. “ती वाईट न्हाई. ती म्हणती, थोडंच राह्यलंय…”

तिचे दात वाजायला लागले. रुद्राणीनं अंगठ्यानं सगळा जोर लावून चिमटा दाबला. गारवा थांबला. पण गेला नाही. दार लावल्यावर बाहेर कुणी उभं राहावं तसा तो चिमट्याच्या अलीकडं, तिच्या करंगळीखाली, थांबून राहिला.

जनरेटर घरघरला. दिवे आले. सही अखंड होती. फरशी कोरडी होती. दारात सत्यशीला सिस्टर होत्या तशाच उभ्या होत्या. फक्त त्या शिवांजलीकडं बघत नव्हत्या, रुद्राणीकडंही नाही. त्या खाटेच्या पलीकडं, रिकाम्या जागेकडं बघत होत्या, आणि त्यांची नजर हळूहळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडं सरकत गेली.

उरलेली रात्र धावपळीतच गेली. शिवांजलीचा रक्तदाब घसरला होता. रुद्राणीनं घोट्याजवळ एक बारीक शीर शोधून काढली, सलाईन आणि औषध तिथून लावलं, नळीला हात लावला नाही. अप्पा पायथ्याशी बसून जप करत होते. पहाटे रक्तदाब सावरला, मुलीनं पाणी मागितलं, आणि ते पोटात राहिलंही.

तेव्हा कुठं रुद्राणीला विचार करायला सवड मिळाली. तिला शिकवलं होतं तसा तिनं विचार केला. आत्या गेल्यावर, नळीतून काही ढकललं नाही त्या संध्याकाळी ताप आला नाही, नंतर दोनदा आला, आणि दोन्ही वेळा नळीत औषध ढकलल्यावरच. जंतू नळीच्या भिंतीला चिकटलेले, आपण वरून जोर दिला की सुटून थेट काळजात जाणारे. म्हणजे आत्याच्या नंतर त्या मुलीला ते पाणी पाजणारा हात आपलाच होता. ज्याच्यावर आपण एकदाही संशय घेतला नाही, तो. चिमटा नीट दाबला गेला नसेल. औषध फ्रिजमधलं, म्हणून नळी गार लागली असेल. मुलगी तापात बरळली असेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फक्त औषध देऊन झाल्यावर आपण बराच वेळ नुसतं बसून होतो, आणि तो गारवा मुठीत बोटाबोटानं चालत गेला, एवढ्याला नव्हतं.

उजाडल्यावर तिनं ठरवलं. नळी काढायची. आजच, आत्ताच.

अप्पांना तिनं बाकावर शेजारी बसून सांगितलं, की मी चुकले, पुण्याचे डॉक्टर बरोबर होते, ही नळी ठेवली तर पुढचं औषध द्यायला मुलगीच राहणार नाही. बरी झाली की पुण्याला नेऊ, मी स्वतः सोबत येते, नवी शीर शोधू. अप्पांनी वाद घातला नाही. रात्रभर त्यांनी मुलीचे पाय धरून ठेवले होते. “काढा,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “ताईला फोन करतो मी.”

नळी काढताना रक्त वाहत राहू नये म्हणून प्लेटलेटची पिशवी बीडच्या रक्तपेढीतून आली होती, ती चढून झाली. रुद्राणी हातमोजे घालायला लागली. शिवांजली उशीवर मान कलती करून बघत होती. चेहरा फिकट, पण डोळे स्वच्छ, ताप नव्हता. बरळण्यासारखं तिला आता काहीच नव्हतं.

“शेपूट जाणार म्हणा,” ती म्हणाली.

“जाणार.”

“दुखंल का?”

“थोडं. जागा बधिर करते आधी.”

शिवांजलीनं वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडं एकदा पाहिलं. मग नेहमीच्याच आवाजात, एखाद्या मैत्रिणीबद्दल विचारावं तसं म्हणाली, “आन् तिची कवा काढणार?”

रुद्राणीचे हात थांबले.

“तिची कुणी काढलीच न्हाई म्हणती ती. हितं ताप यायचा, तर मलेरियाचं औषध द्यायचे, टायफॉइडचं द्यायचे. नळीतलं रगत कुणी काढूनच बघितलं न्हाई. नळी कशाची हाय ते बी कुणाला ठावं नव्हतं.” तिनं ओठांवरून जीभ फिरवली. “तशीच नळी घेऊन वर गेली. म्हणून गार वाटतं म्हणती तिला. सारखंच गार.”

बेसिनशी नळ चालू होता, तो बंद झाला.

रुद्राणी इंग्लंडात होती तेव्हा तिला कुणी विचारलं असतं की अशा वेळी काय करशील, तर तिनं हसून उत्तर दिलं असतं. आता तिला हसू आलं नाही. तिनं एवढाच विचार केला, की ही बाई इथं ताप घेऊन आली होती, आणि तिच्यासाठी दोन बाटल्या कुणी लावल्या नव्हत्या.

“सिस्टर,” ती म्हणाली. “नळी काढायचे ट्रे दोन लावा.”

दुसरा कुणासाठी, असं सत्यशीला सिस्टरांनी विचारलं नाही. त्यांनी ओले हात पुसले, दोन ट्रे मांडले. कात्री, चिमटे, टाके, कापूस, बधिर करायचं इंजेक्शन, दोन्हीकडं सारखंच. एक ट्रे रुद्राणीच्या हाताशी ठेवला. दुसरा दोन्ही हातांत धरून त्या वॉर्डाच्या टोकाकडं चालत गेल्या. एवढ्या रिकाम्या खाटा ओलांडून त्यातल्या एकीपाशीच थांबल्या, ट्रे तिच्या उशाशी ठेवला, आणि त्या खाटेवरची चादर कुणाच्या तरी गळ्यापाशी सारखी करावी तशी हळूच खाली ओढली.

त्या बाईची खाट कुठली, हे रुद्राणीनं त्यांना सांगितलं नव्हतं. तिलाच ते ठाऊक नव्हतं.